उरलेले ओले काजू

त्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायको पडवीत ओले काजू सोलत बसलो होतो. नात दुसऱ्या दिवशी पुण्याला जायची होती, तिच्याबरोबर द्यायचे म्हणून. काजूचा चीक लागला की कातडी जळते, काळी पडते. म्हणून आधी बोटांना खोबरेल चोपडायचं. बायको कधी नीट चोपडायची नाही. तिची बोटं काळी ती काळीच.

नात शिकून मुलांची डॉक्टर झाली होती. आता मुलांच्या तापांचं नि साथीच्या रोगांचं आणखी वेगळं शिक्षण घ्यायचं होतं. मी चौथी नापास. म्हटलं, "डॉक्टर झालीस ना? मग परत शाळा कसली?"

"आजोबा, वरून ताप सगळे सारखेच दिसतात. आत कारण वेगळं असतं. कुठल्याला कुठलं औषध, नि कुठल्याला द्यायचंच नाही, ते शिकायचंय."

"ह्यांच्या तापाला देऊ नको," बायको म्हणाली. "तेवढंच घर शांत."

मग सोलता सोलता तिने विचारलं, "आमच्या पहिल्याला कसला ताप होता, ते कळेल का गो तुला?"

आमचा पहिला मुलगा चार वर्षांचा असताना तापाने गेला. डॉक्टर सुया देत राहिला. कसला ताप ते त्यालाही कळलं नाही. बायकोने तो प्रश्न जन्मभर सोडला नाही.

नात खोटं बोलली नाही. "त्याचं आता नाही सांगता येणार, आजी. पुढे जे पोर येईल, त्याचं सांगेन."

"बस झालं तेवढं," ही म्हणाली. चहा ठेवते म्हणून उठली, नि गॅसपाशी जी खाली बसली ती परत उठली नाही. नातीने छाती दाबून दाबून बघितली. काही उपयोग झाला नाही. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो. बोटं तशीच काळी होती.

घरी आल्यावर नात म्हणाली, "मी जात नाही." परवा हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, हे तिनेच सांगितलं होतं.

शेजारची माझी वहिनी म्हणाली, "बरोबर आहे तिचं. सुतकात कोण घर सोडतं? तेरावं होऊ दे."

"सुतक मी धरतो, तिच्या वाटचंपण. पोरांचा ताप काय तेराव्यापर्यंत थांबतो?"

"लोक काय म्हणतील, भाऊजी?"

"सांग त्यांना, म्हातारीने पाठवली."

नात रडायला लागली. रडणाऱ्याची समजूत मला काढता येत नाही, ते काम हिचं. मी म्हटलं, "बॅग भर."

सकाळी उठलो तर अर्धी पाटी काजू पडवीत तशीच. मी एकटाच सोलायला बसलो. खोबरेल लावलं नाही. सगळे गर डब्यात भरले, डबा नातीच्या बॅगेत घातला नि तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवली.