सईला दुर्बिणीत आबा दिसले

आमच्या घरात मुलांची दृष्टसुद्धा काढत नाहीत, हे आधीच सांगते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याने सांगितलेलं तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही, याचाच मला पगार मिळतो. या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि कपाबरोबर बाजूला ठेवले. त्यामुळे तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत तर मला अजिबात राग येणार नाही... मीही ठेवला नसता.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. आम्ही कोथरूडला राहतो, तीन मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी, नवरा, सात वर्षांचा मल्हार, चार वर्षांची सई आणि माझे वडील. बाबा मूळ यवतमाळकडचे, वीज मंडळात लाइनमन होते. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. मुलं त्यांना आबा म्हणतात.

त्या शनिवारी नवरा बेंगळुरूला होता. मल्हारच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला होता – शनिवार पेठेत एका इमारतीच्या गच्चीवर हौशी मंडळी छोटी वेधशाळा चालवतात, संध्याकाळी मुलांना चंद्र दाखवणार आहेत. नाव लिहीत नाही, उगाच त्यांना त्रास नको. बाबांनी दुपारीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. मी म्हटलं, "बाबा, तिथे चार मजले आणि वर लोखंडी जिना आहे. तुम्हाला नाही झेपायचं. घरीच थांबा."

"काऊन? मले जिना चढता येत नाई का?" बाबा म्हणाले. "सारा जलम खांबावर गेला माया."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

त्यांनी शर्ट परत हँगरला लावला. दोन मुलं आणि एक म्हातारा माणूस एकटीने सांभाळायचा मला कंटाळा आला होता, खरं कारण एवढंच. जिन्याचं निमित्त होतं.

सव्वापाचला निघालो. गच्चीवर पोचलो तेव्हा तीस-चाळीस मुलं रांगेत होती. दुर्बिणीजवळ एक निवृत्त काका उभे होते, अस्सल पेठेतले. त्यांचे नियम ठरलेले – हात पाठीमागे, दुर्बिणीला बोट लावायचं नाही, आणि काय दिसलं ते सांगितल्याशिवाय स्टुलावरून उतरायचं नाही. "मुलं नुसतं 'दिसलं, दिसलं' म्हणून पळतात," ते आम्हा पालकांना म्हणाले. "मोठेही तेच करतात, पण त्यांना विचारण्याची सोय नाही."

पावणेसातच्या आसपास आमचा नंबर आला. आकाश स्वच्छ, तिसरी-चौथीची कोर. मल्हारने बघितलं, खड्डे दिसले म्हणाला, उतरला. मग सई चढली. हात पाठीमागे, एक डोळा घट्ट मिटलेला. ती बराच वेळ हललीच नाही.

"हं, काय दिसलं?" काकांनी विचारलं.

"आबा," सई म्हणाली.

मागचे लोक हसले. काका म्हणाले, "आबा? काय करतायत?"

"जिन्यात उभे आहेत. हात वर करून. डोळे मिटलेत."

"आणखी काय आहे चंद्रावर?"

"दादाची छोटी सायकल. ती वरती चिकटलीय. चाकं वर."

"चंद्रावर सायकल. उत्तम. पुढचा नंबर."

अख्खी रांग हसली आणि मीही हसले. सई उतरली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मी दुर्बिणीला डोळा लावला. मला व्यवस्थित चंद्र दिसला. फक्त एक गोष्ट खटकली. नुसत्या डोळ्यांनी कोर खालून उजळलेली होती, वाटीसारखी, आणि दुर्बिणीत ती वरून उजळलेली होती. मी काकांना विचारलं.

"या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं," ते म्हणाले. "वरचं खाली, खालचं वर. चंद्राला फरक पडत नाही, म्हणून आम्ही सरळ करायच्या भानगडीत पडत नाही."

मी मुलांना घेऊन कठड्याकडे आले. आणि तिथे, टेस्टिंगची सवय म्हणा, सईने सांगितलेलं चित्र मी मनात उलटं केलं.

वर चिकटलेली सायकल – म्हणजे जमिनीवर ठेवलेली सायकल. मल्हारची छोटी सायकल आमच्या टेरेसच्या जिन्यात, मधल्या वळणावर ठेवलेली आहे. हात वर करून उभा असलेला माणूस उलटा केला, तर डोकं खाली, हात डोक्याच्याही खाली, पाय वरच्या पायऱ्यांवर. आणि डोळे मिटलेले.

स्वतःला मूर्ख म्हणत मी बाबांना फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. परत लावला. तिसऱ्यांदाही नुसती रिंगच. मग समोरच्या फ्लॅटमधल्या लिमये काकांना केला. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

"अहो, झोपले असतील," काका म्हणाले. "बेल मारून उठवू का त्यांना?"

"काका, टेरेसच्या जिन्यात बघता का जरा? प्लीज."

"टेरेसला कुलूप असतं. आणि किल्ली माझ्याकडे अस–" ते थांबले. "किल्ली सहा वाजता तुमच्या वडिलांनी नेली. चंद्र बघायचाय म्हणाले. परत नाही आणून दिली अजून."

फोन चालूच होता. त्यांच्या चपलांचा आवाज, दार, पायऱ्या. मल्हार माझा हात ओढत होता आणि मी त्याला गप्प करत होते. मग काकांचा आवाज आला, अगदी बदललेला. ते त्यांच्या बायकोला हाक मारत होते. नंतर फोनवर मला म्हणाले, "श्वास चालू आहे. मी अँब्युलन्स बोलावतो. तुम्ही सरळ हॉस्पिटललाच या."

बाबा खाली उतरताना पडले होते. डोकं खालच्या पायरीवर, दोन्ही हात पुढे पसरलेले, बोटं सायकलच्या चाकाला टेकलेली. काकांनी हे मला नंतर सांगितलं, मी एका शब्दाने विचारलेलं नसताना. खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला मोठी जखम होती आणि रक्त जात होतं. त्या जिन्यात कोणी फिरकत नाही. लिमये काका, ज्यांचं बोलणं एरवी नोटीस बोर्डासारखं असतं, हॉस्पिटलच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसून दोनदा म्हणाले, "मी किल्ली उद्या सकाळीच परत मागितली असती हो."

बाबा वाचले. आता वॉकर घेऊन चालतात.

मी नंतर सगळ्या शक्यता तपासल्या. सायकल तिथे असते हे सईला माहीत होतं, मान्य. पण बाबा वर जाणार हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही निघाल्यावर पाऊण तासाने त्यांनी किल्ली नेली. चार वर्षांच्या मुलीने मनाने रचून सांगितलं म्हणावं, तर ते नेमकं उलटं कसं सांगितलं? दुर्बिणीवाल्या काकांना फोन केला. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बाई, तिच्या आधी आणि तिच्यानंतर सगळ्यांना चंद्रच दिसला. मी काय सांगू?"

चौथ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले. मी त्यांना सईबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. मी पेज भरवत होते, तर ते स्वतःहूनच म्हणाले, "पडलो तवा शुद्ध होती थोडी. आवाजच निंघे ना. मंग सई आली समोर. तिले म्हटलं, आईले सांग."

"बाबा, सई माझ्याबरोबर होती. शनिवार पेठेत."

"असंन," बाबा म्हणाले. "पण आलती."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी सईला जवळ घेतलं. शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आबा तुला दुर्बिणीत काही म्हणाले होते का गं?"

"हो. आईला सांग म्हणाले."

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"सांगितलं की," सई म्हणाली. "तू हसलीस."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. पण मी हसले होते, एवढं मात्र तपासायची गरज नाही.