वजन उतरवायच्या गोळ्या

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर ताज्या पाट्या लागल्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मी फार्मसी कॉलेजात शिकत होतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांनाही टँकरचंच पाणी मिळे, आणि तो टँकर माझा थोरला भाऊ चालवायचा.

उंदरांना आम्ही उत्तेजक औषध टोचायचो. आधी उंदीर पिंजराभर धावे. मग कोपऱ्यात थांबून एकच तार कुरतडत राही. समोरच्या दाण्यांकडे ढुंकूनही बघत नसे. मेंदूतली रसायनं उधळली की थकलेल्या जिवालाही आपण ताजेतवाने आहोत असंच वाटतं, असं सर सांगत.

त्या उन्हाळ्यात दादा रात्रंदिवस खेपा करी. पाणी टाकायला आला की त्याचा जबडा हलत राही, तोंडात सुपारीचं खांडही नसताना. जेव म्हटलं तर भूक नाही. एकदा त्याच्या खिशात वजन उतरवायच्या गोळ्या सापडल्या. ऐन दुष्काळात, बरगड्या दिसणाऱ्या माणसाच्या खिशात! मला हसू आलं, मग पाकिटावरचं नाव वाचलं: उंदरांना टोचतो तेच औषध, भूक आणि झोप दोन्ही मारणारं.

त्याला हाताला धरून पिंजऱ्यापाशी नेलं. "बघ, तुझंच औषध."

तो पिंजऱ्यावर वाकला. "ह्यो बी ड्युटीवर हाय म्हण की!" मग हळूच म्हणाला, "फुडं काय होतं रं याचं?"

"औषध उतरलं की पडतो. हलवला तरी उठत नाही."

"मग उतरूच द्यायचं न्हाई. लोकं घागरी मांडून बसून राहिलेत."

मी भांडलो, आईची शपथ घातली. तो हसत टँकरवर चढला.

चारच दिवसांनी किल्लारीच्या रस्त्यावर, भर दुपारी, टँकर सरळ कोरड्या ओढ्यात गेला. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नव्हती. लोकांनी आधी घागरी भरल्या, मग दादाला बाहेर काढलं. तहानलेल्यांवर काय रागवायचं, असं मी सगळ्यांना सांगतो. राग येतो. अजून येतो.

दादाचे तेरा दिवस झाल्यावर कॉलेजात गेलो. उंदरांना पाणी आलं होतं. टँकर दुसरा, ड्रायव्हरही दुसरा, दोन लेकरांचा बाप. पाइप धरून उभा होता आणि त्याचा जबडा हलत होता.

"काय चघळताय?" मी विचारलं.

"कुठं काय?" म्हणत त्यानं तोंड उघडून दाखवलं. तोंड रिकामं होतं.