फडक्यावरचे कोरडे कण

ती दुपार अजूनही डोळ्यांपुढे येते, झोप आणि जाग यांच्या मधल्या वेळेसारखी धूसर. दसऱ्याच्या आधीचे दिवस. भायंदरजवळच्या तारोडी गावाच्या वाटेवर बोंबलांची वाळवणं, खाऱ्या हवेत विरघळलेलं ऊन आणि मागे बर्फाचा नवा कारखाना. दोन हजारनंतरच्या दशकातली गोष्ट. नावं कुणाचीच सांगत नाही.

कारखान्यात अपघात झाला होता. नव्या पाइपांत वेल्डिंगचा कचरा आणि गंज राहतो. मशीन चालू करण्याआधी तात्पुरते रबरी होज जोडून ते पाइप पाण्याने धुतात. होजच्या तोंडाशी पांढरं फडकं धरायचं. ते कोरं राहिलं की पाइप स्वच्छ. हे काम चालू असताना होज निसटला आणि त्याच्या फटक्याने एका कामगाराचा डोळा जबर दुखावला. होज जोडणारा फिटर त्याचाच जोडीदार. दोघे रत्नागिरीकडचे, एकाच वाडीतले. "क्लिप मी नीट आवळली नव्हती," फिटरने पोलीस ठाण्यात आल्या आल्या सांगून टाकलं. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आयती कबुली मिळाली की तपास अधिकाऱ्याला सुस्ती चढते. मलाही चढली.

दुसऱ्या दिवशी एक कोळीण तणतणत ठाण्यात आली. तक्रार बोंबलांची.

"साहेब, रोज कारखान्याचा पानी माझ्या वाळवणापर्यंत येतो. काल पानी न्हाय आला. नुसती हवा सुटली, सगली धूल बोंबलांवर. आता ते कोन घेनार?"

ठाणे अंमलदार हसला. माझी सुस्ती मात्र उतरली.

कारखान्याच्या सुपरवायझरने मालकाला दाखवायला सगळी फडकी जपली होती. प्रत्येकावर तारीख, खाली सही. पंचनाम्यासाठी ती मी दोरीवर टांगली. वाऱ्यावर ती संथ हलत होती आणि काही क्षण मी तपास विसरून नुसता बघत राहिलो. आधीच्या फडक्यांवर गंजाचे पसरट डाग होते, ओले होऊन वाळलेले. अपघाताच्या सकाळचं फडकं कोरडं होतं, त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक काळे कण रुतले होते. पाण्याने कण असे रुतत नाहीत.

फिटरला समोर बसवून चहा दिला आणि ते फडकं टेबलावर पसरलं.

"साहेब, दसऱ्याला पूजा करून मशीन चालू करायचं होतं. पाण्याने धुतलं की पाइप परत सुकवायला लागतात. सुपरवायझर बोलला, कॉम्प्रेसरची हवा सोड, टाइम वाचेल. होज पाण्याचा आहे, हवेच्या दाबाला टिकणार नाही, मी बोललो त्याला."

"मग अंगावर का घेतलंस?"

"सुपरवायझर बोलला, तू कबूल हो, तुझ्या जोडीदाराच्या डोळ्याचं आम्ही बघतोय, मोठ्या हॉस्पिटलात ठेवतोय. नाहीतर त्याला आजच घेऊन जा."

त्याच संध्याकाळी सुपरवायझरला अटक केली. वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मी हवेत होतो. फिटर जाताना दारात थांबला.

"साहेब, मी सुटलो. आता त्याचं कोण बघणार?"

"कायदा बघेल," मी म्हणालो.

मालकाने त्याच आठवड्यात उपचाराच्या खर्चाबाबत हात वर केले. या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात नेण्यात ऑपरेशनची वेळ निघून गेली आणि डोळा गेला.

फिटर पुढे एकदा भायंदरच्या बाजारात भेटला. नमस्कार केला, माझी तब्येत विचारली, डोळ्याचा विषय काढला नाही. मला शरम वाटली. खोटी कबुली मोडणं म्हणजे हुशारी, असं मी तोवर समजत होतो. ती कबुली त्याने कशाच्या बदल्यात दिली, हे तर त्याच टेबलावर त्याने मला सांगितलं होतं. फडकं माझ्या ताब्यात होतं, सुपरवायझर कुठे पळणार नव्हता. अटक दोन दिवसांनी केली असती तरी चाललं असतं. ऑपरेशन किती दिवस थांबू शकतं, एवढं मात्र मी डॉक्टरांना विचारलंच नाही.