पानांचं ऑर्किड

तळमजल्यावरच्या ताई शिवणकाम करायच्या. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा "भावाला यायची सोय होईपर्यंत" म्हणून त्यांनी कारखान्यातली नोकरी सोडली. भावाची सोय काही झाली नाही. तो परगावाहून फोनवर काळजी करायचा आणि फोन ठेवला की काळजीही ठेवून द्यायचा.

खोलीला खिडकी एकच, तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. ताईंनी गुलाब लावून पाहिला, मोगरा लावून पाहिला. दोन्ही माना टाकून गेले. मग वडिलांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी एक फांदी आणून दिली. "ऑर्किड आहे. पानांसाठीच ठेवतात. ऊन नको, लाड नकोत. मोडून खोचलं तरी जगतं."

पानं मखमली, काळपट जांभळी, त्यांवर तांब्याच्या तारेसारख्या शिरा. वडील म्हणाले, "पानं काय चाटायचीत?" पण रोप फोफावलं. मशीनच्या फळीवर, कपाटावर, जिथे जागा मिळेल तिथे कुंड्या झाल्या.

एकदा एक नर्सरीवाले पँट आखूड करून घ्यायला आले आणि पँट विसरून पानंच बघत बसले. "ताई, माझ्या सावलीघराला तुमच्यासारखं माणूस हवंय. अर्धा दिवस या."

ताईंनी वडिलांना विचारलं. "जा की! मी कोण अडवणार? पाणी मागायला भिंत आहेच."

ताई तरीही गेल्या. वडिलांपाशी वरच्या मजल्यावरची मी बसले. माझ्या हातून त्यांनी घास घेतला नाही, गोळी घेतली नाही. "काही हवंय का?" असं दहादा विचारलं, तर तोंड भिंतीकडे. दुपारी ताई परतल्या. नखांत माती होती आणि चेहरा असा उजळलेला, की जणू मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. वडिलांचं अंथरूण ओलं होतं. मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. ताईंनी चादर बदलली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, बाबांना तुझ्याच हातची सवय आहे गं."

"मलाही लागली असती रे," ताई म्हणाल्या, "बाहेरची."

त्यांनी काम सोडलं. नर्सरीवाले भले माणूस. त्यांनी रोपं घरीच वाढवायला सांगितली. आता त्यांची गाडी येते, ट्रे भरून जाते. ताई उंबऱ्यापर्यंत जातात आणि मागे फिरतात.

परवा दुपारी मी खाली गेले तर त्या एकेक फांदी कडाकडा मोडत होत्या. कुंडीत नुसते खुंट उरले होते.

"अहो ताई, हे काय?"

"राग आला होता." त्या खाली बसल्या, तुकडे गोळा करू लागल्या. "याच्यावर रागही काढता येत नाही बघ. खोचलं की पुन्हा उभं!"

पलंगावरून आवाज आला, "कोणाशी बोलतेस गं?"

"कोणाशी नाही, बाबा," म्हणत त्यांनी मला हात धरून शेजारी बसवून घेतलं.