पाटीवरची खालची ओळ

सचिवालयातल्या दारांवरच्या पाट्या वर्षानुवर्षं एकच पेंटर रंगवत आला होता. त्याची एक शिस्त होती. आधी माणसाचं नाव, ते वाळलं की खाली पद. "माणूसच नसेल तर पद कुणाच्या गळ्यात घालू?" असं तो म्हणे.

निवृत्तीआधीची शेवटची पाटी मुख्यमंत्र्यांची होती. ती दारावर लागली की नवराबायको लेकीकडे निघणार होती, कारण तिचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. पण निकाल लागला आणि बहुमत कुणालाच मिळालं नाही. दोन्ही पक्ष म्हणत होते, सरकार आमचंच. पेंटर कोऱ्या पाटीसमोर ब्रश धरून बसून राहिला.

"पाटी कधी होणार?" बायकोने विचारलं.

"सरकार बसलं की."

"त्यांचं घोंगडं भिजत पडू दे. बाळ काही बहुमताची वाट बघत थांबणार नाही."

"अगं, पण नाव कुणाचं लिहू?"

"पद तर ठरलंय ना? तेवढं लिहा आणि उठा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने खालची ओळ आधी लिहिली आणि पाटी हेडक्लार्कसमोर धरली. "साहेब, नाव राहिलंय."

हेडक्लार्कने चष्मा पुसून ती न्याहाळली. "नाही हो. सध्या अगदी बिनचूक आहे. लावून टाका."

दोघं वेळेवर पोहोचली. नात झाली, तिचं नावही ठरलं, तेही एकमताने. इकडे पाटीची वरची ओळ कोरीच होती आणि दारावरचा शिपाई रोज सकाळी तिला सलाम ठोकत होता.