आईंचा गडी लाल की निळा?

आमच्या सासूबाई व्हिडिओ गेम खेळतात, असं मी ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. त्यांना दिसत नाही हे पुढे सांगितलं, तेव्हा तर सगळे माझ्याकडेच असे बघायला लागले जणू माझंच काही बिघडलंय. मीही मग जास्त खुलासा करायच्या भानगडीत पडले नाही. खरं सांगायचं तर मलाच तेव्हा त्यातलं धड काही कळत नव्हतं, आणि आता कळलंय म्हणावं तर तेही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

सासूबाई म्हणजे सिंधू दाणी. माहेर उज्जैनचं. भोपाळात मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून निवृत्त झाल्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा, की मैदानाच्या पलीकडच्या रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा दचकायचे. एकदा खो-खोच्या अंतिम सामन्यात पंचांनी यांच्या संघातली मुलगी बाद नाही असा निकाल दिला. यांनी स्वतः पुढे होऊन सांगितलं, "नाही हो, बाद आहे ती. मी बघितलंय." कप गेला. मुली रडल्या, मोठ्या बाईंनी आठवडाभर तोंड फिरवलं, पण आई ढिम्म. घरातही तोच खाक्या. माझा नवरा तुषार सांगतो, "आईला कॅरममध्ये पहिल्यांदा हरवलं तोवर मला मिशा फुटल्या होत्या." फुकट जिंकू देणं म्हणजे समोरच्याला कमी लेखणं, असं त्यांचं म्हणणं.

अशा बाईला काचबिंदूनं गाठलं. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं, मग काहीच नाही. कोलार रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या बसून राहायला लागल्या. जेवायला बोलावलं की जेवायचं, झोपायला सांगितलं की झोपायचं. मला बाई भीतीच वाटायची त्या गप्पपणाची.

तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळं अंगावर घेतलं. श्रीकांत दाणी हा अतिशय सरळ माणूस. गोविंदपुऱ्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे, आणि केसभर फरक असला तरी माल परत पाठवायचे. ते आईंचे डोळे झाले. पेपर वाचून दाखवायचे, टीव्हीवर कोण कुणाकडे रागानं बघतंय ते सांगायचे, गॅलरीत उभं राहून रस्त्यावरची गंमत सांगायचे. आईंचं सगळं जग बाबांच्या तोंडून यायचं.

गेमचं मशीन तुषारनं स्वतःसाठी घेतलं होतं. त्याची बदली ग्वाल्हेरला झाली आणि ते टीव्हीखाली धूळ खात पडलं. एका दुपारी आईंनी सहज त्याचा रिमोट हातात घेतला, आणि आत असलेला बॉक्सिंगसारखा एक खेळ सुरू झाला. दोन गडी, एक लाल कपड्यातला, एक निळ्या. डावीकडून ठोसा आला की डाव्या कानात आवाज, उजवीकडून आला की उजव्या. आईंचे कान आधीच तिखट. त्यांना चवच लागली! घंटा वाजली की डाव संपायचा, ढोल वाजायचे आणि कोण जिंकलं ते नुसतं पडद्यावर लिहून यायचं. ते वाचायला शेजारी बाबा. "जिंकलीस, सिंधू! आपला लाल गडी जिंकला!"

मी संध्याकाळी मंडीदीपहून कंपनीच्या बसनं घरी येऊन स्वयंपाकाला लागायची, तर बाहेरून रोज हेच ऐकू यायचं. आई पुन्हा दोन घास जास्त खायला लागल्या, उज्जैनच्या भावाला फोन करून फुशारक्या मारायला लागल्या. घरात जीव आला. मला दुसरं काय हवं होतं?

मग नेहा उपटली. ही गोविंदपुऱ्याकडे राहणारी मुलगी, स्वतःला जन्मापासून दिसत नाही, आणि दिसत नसलेल्या खेळाडूंचा एक ग्रुप चालवते. आईंना कुणीतरी तिचा नंबर दिला. "मी तर रोजच जिंकते," आईंनी तिला पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. नेहा म्हणाली, "क्या बात है काकू! मग या रविवारी आमच्याशी खेळा ना. बोलणं चालू केलंय ना तुम्ही?"

कसलं बोलणं? तेव्हा कळलं की मशीनच्या सेटिंगमध्ये एक सोय असते. ती चालू केली की पडद्यावर लिहिलेलं सगळं मशीन वाचून दाखवतं. शिवाय या खेळाच्या नव्या अपडेटमध्ये खेळही आतून बोलायला लागला होता: तुमचा गडी कोणता, ताकद किती उरली, निकाल काय. "आधी निकाल कुणाला तरी विचारावा लागायचा," नेहा म्हणाली. "आता आपलं आपल्याला कळतं."

बाबा लगेच कुरकुरले, "काय गरज आहे? मी आहे ना सांगायला." मला वाटलं, नोकरी जाईल म्हणून घाबरले बिचारे. मी चिडवलं पण, "बाबा, आता तुम्हाला पेन्शनच!" ते हसले नाहीत.

शनिवारी सुट्टी होती. मी नेहाला फोनवर घेऊन ती सोय चालू केली. अरे देवा! मशीन जे सुटलं! रिमोटची बॅटरी कमी आहे, हे बटण दाबा, ते दाबा, सगळं इंग्रजीत आणि भरधाव. मी भंजाळून गेले, पण आई खुदकन हसल्या. म्हणाल्या, "माझ्यासारखंच बोलतंय गं, श्वास न घेता." नेहाला थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि आईंनी डाव लावला.

मशीन म्हणालं, तुमचा गडी निळा.

"लाल," बाबा म्हणाले.

आई थांबल्या. "अहो, ते निळा म्हणतंय."

"चुकतंय ते. लाल आहे आपला."

डाव झाला, घंटा वाजली. पडद्यावर लिहून आलं की लाल जिंकला. बाबा म्हणाले, "जिंकलीस!" आणि मशीन त्याच क्षणी म्हणालं, तुम्ही हरलात.

आता तुम्हीच सांगा, माणसानं कुणावर विश्वास ठेवावा? आयुष्यभर खोटा माल पुढे न जाऊ देणाऱ्या सासऱ्यावर, की कालपर्यंत मुक्या असलेल्या डब्यावर? मी बाबांवर ठेवला. सेटिंग उलटंपालटं करून पाहिलं, मशीन बंद करून पुन्हा लावलं. परत तेच. तुमचा गडी निळा. नेहाला पुन्हा फोन लावला, "अगं, तुमच्याकडे पण हे उलटं बोलतं का?" ती गोंधळून म्हणाली, "ताई, मशीन कशाला खोटं बोलेल?" मी तिच्यावरच वैतागले. डोकं अजिबात चालेना.

शेवटी मी म्हटलं, "आई, डाव लावा आणि रिमोट खाली ठेवून द्या. जो गडी नुसता उभा राहील तो आपला."

आईंनी रिमोट मांडीवर ठेवला. निळा गडी हात खाली सोडून उभा राहिला. लाल आला आणि त्याला बडवायला लागला. निळा आपला उभाच. मशीन सांगत होतं, ताकद इतकी उरली, आता इतकी उरली. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

"कोण उभं आहे, अपर्णा?" आईंनी विचारलं.

"निळा," मी म्हटलं.

आईंचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला दिसला. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे लाल जिंकला की मी हरायचे? रोज?"

"रोज नाही," बाबा पुटपुटले. "कधी कधी जिंकायचीस पण." मग सगळं भडाभडा बोलून गेले. पहिल्या दिवशी त्यांचाच घोळ झाला होता, लाल आपला असं खरंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली. "पण तू इतकी खूश होतीस, सिंधू. किती महिन्यांनी हसली होतीस. मला सांगवेना."

"मी लहान मुलांनासुद्धा फुकट जिंकू दिलं नाही," आई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. "आणि तुम्ही मला? माझी कीव केलीत तुम्ही, अहो! सगळ्या जगाला सांगत सुटले होते मी!"

त्या भिंतीच्या आधारानं गॅलरीत गेल्या. मी मागे गेले. त्यांनी विचारलं, "अपर्णा, समोरचा गुलमोहर फुललाय?"

समोर गुलमोहर नव्हताच. रस्ता रुंद करताना गेल्या वर्षीच कापला होता.

"काल हे म्हणाले, यंदा भरून फुललाय," आई म्हणाल्या.

हो म्हणावं तर मीही त्यातलीच, नाही म्हणावं तर बाबा मेले. "तुम्ही बाबांनाच विचारा," म्हणून मोकळी झाले. आई त्यावरून काय समजायचं ते समजल्या. थोड्या वेळानं पदर चाचपत म्हणाल्या, "ही साडी मोतिया रंगाचीच आहे ना?" मी म्हटलं, "हो." "नक्की?" "नक्की, आई." पण त्यांचा विश्वास बसला नाही, ते मला स्वच्छ दिसलं. एका लाल-निळ्याच्या घोळात त्यांचं सगळं जगच संशयाचं झालं होतं.

त्या दिवशी त्यांनी बाबांना एक शब्द विचारला नाही. बाबा पेपर घेऊन शेजारी बसले, मोठ्यानं वाचायला लागले. आई म्हणाल्या, "राहू द्या." बाबा पेपर तसाच उघडा धरून बसले. मी तुषारला फोन केला, तर तो हसला, "अरे यार, एवढ्याशा गेमवरून?" मी फोन आपटला. चूक कुणाची तेच मला ठरवता येईना. बाबांचा राग यायचा, आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्याकडे बघवायचं नाही.

रविवारी मला वाटलं आई नेहाशी खेळणार नाहीत. पण त्या अंघोळ करून, पदर खोचून बसल्या. मशीन बोलत होतं, फोनवर नेहा होती, बाबा लांब दाराशी खुर्चीवर. डाव लागला. आईंच्या कपाळावर घाम आला. घंटा वाजली आणि मशीन म्हणालं, तुम्ही हरलात.

"पण काकू, मस्त खेळलात हं," नेहा म्हणाली.

"खोटं नको बोलूस गं. पुढच्या रविवारी बघते तुला," म्हणून आईंनी फोन बंद करवला. मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, इकडे या. काय झालं ते सांगा."

बाबा येऊन बसले. "हरलीस."

"ते या डब्यानंच सांगितलं. कशी हरले?"

बाबा घसा खाकरून बोलायला लागले. "तू सारखी मागे सरकतेस. कोपऱ्यात अडकलीस की बाहेर पडायच्या ऐवजी ठोसेच मारत बसतेस, आणि निम्मे हवेत जातात." कारखान्यात माल परत पाठवताना असेच बोलत असतील. आई मान हलवत ऐकत होत्या.

"गुलमोहर?"

"कापला. गेल्या वर्षी."

"हं. आणि मी? मी कशी दिसते आता? तुम्ही म्हणता, एखाददुसरा केस पांढरा झालाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"सगळे पांढरे झालेत," बाबा म्हणाले. "विरळ पण झालेत. गाल बसलेत. डोळ्यांखाली काळं आलंय. म्हातारी झालीस, सिंधू."

आईंचा हात केसांकडे गेला आणि तिथेच राहिला. "मी आपली काळे समजूनच विंचरत होते," त्या म्हणाल्या. मग, "आणि तुम्ही?"

बाबांनी बाहीनं नाक पुसलं. शेवटी मीच म्हटलं, "आई, ते रडतायत."

"ते ऐकू येतंय मला," आई म्हणाल्या. "डोक्यावर केस उरलेत का, ते विचारतेय मी."