झेंड्यांच्या घाईत राहिलेला कागद

माझे वडील तुरुंगातल्या शिवणशाळेत मास्तर होते. घरी आमचं त्यांच्यापुढे काही चालायचं नाही, आणि तुरुंगात मात्र ते कोणावर आवाज चढवत नसत. आई म्हणायची, "आपणही एखादा गुन्हा करायला हवा होता." रविवारी चर्चहून आले, की जेवून परत तुरुंगात. तिथे आठ-दहा कैदी जमायचे आणि वडील त्यांना एकच गोष्ट शंभर तऱ्हांनी सांगायचे: प्रभूने ज्याच्या मनाच्या बेड्या तोडल्या, तो भिंतींच्या आतही मोकळाच. रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला हे सांगायला काय जातं, असं मी एकदा बोलले, तर दोन दिवस अबोला.

दोरीबाबा त्यांचा सगळ्यात लाडका. वय सत्तरीच्या घरात, अठरा वर्षं आत. स्वातंत्र्यदिनाचे झेंडे याच शिवणशाळेत शिवले जात. झेंड्याची दोरी ज्यातून ओवतात तो नेफा बाबानेच घालावा. इतरांचा वाऱ्यात उसवायचा.

स्वातंत्र्यदिनी चांगल्या वागणुकीचे काही कैदी सोडत. त्या वर्षी बाबाचं नाव निघालं. मास्तरांनी शेरा लिहून कागद कचेरीत दिला, की झालं. बाबाच्या मुलीला निरोपही वडिलांनीच धाडला.

पण कागद गेला की कैद्याला कामावरून काढून वेगळ्या बराकीत हलवत, आणि नव्वद झेंड्यांचे नेफे अजून राहिले होते. कागद द्यायची मुदत शनिवारपर्यंत होती. वडिलांनी ठरवलं, शुक्रवारपर्यंत बाबा शिवू दे. शनिवारी कागद घेऊन गेले, तर समारंभाच्या तयारीपायी कचेरीला कुलूप. सोमवारी कारकून म्हणाला, "मास्तर, यादी वर गेली. आता साहेबांच्याही हातात काही नाही." वडिलांनी साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. साहेब भला माणूस, त्यांनी चहा मागवला. चहाने काय होणार होतं?

घरी येऊन वडील खुर्चीत बसले ते बसलेच. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

स्वातंत्र्यदिनी झेंडा चढला, बँड वाजला. सुटणारे सातजण हार घालून उभे होते. दोरीबाबा मागच्या रांगेत होता. वडील त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी सगळं कबूल केलं.

"जाऊ द्या मास्तर," तो म्हणाला. "तुम्हीच सांगता ना, मी आतही मोकळाच आहे म्हणून."

"बाबा, आज ते बोलू नका," वडील म्हणाले.

फाटकाबाहेर बाबाची मुलगी पहाटेपासून उभी होती. म्हाताऱ्यासाठी तिने नव्या चपला आणल्या होत्या. वडिलांनी तिच्यापासूनही काही लपवलं नाही. ती रडली नाही, भांडलीही नाही. मला वाटतं, भांडली असती तर वडिलांना बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी तरी सोडतील ना हो? त्यांना हल्ली जिना चढवत नाही, असं पत्रात होतं."

कैद्यांना प्रभूच्या तारणाची खात्री देताना वडिलांची जीभ कधी अडखळली नव्हती. त्या बाईपुढे त्यांना साधं 'हो' म्हणता आलं नाही.